धर्मादाय ही कुणाच्या बापाची पेंड नाही

नाशिक रोडला बिटको चौकापासून जेलरोडपर्यंत कुठलाही फ्लेक्स वाचा. अमुक भाऊंनी तमुक रुग्णाला उपचारासाठी मदत केली. भाऊंचा चेहरा दोन हात रुंद, गॉगल लावलेला. आजारी माणूस खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढा, हात जोडून. मला त्या जोडलेल्या हातांबद्दल बोलायचंय.

दोस्तहो, १९२८ पासून या गावात देशाच्या नोटा छापल्या जातात. आणि इथंच, सिन्नर फाट्याकडच्या वस्तीत, कॅन्सर किंवा किडनी हा शब्द कानावर पडला की माणूस आधी बायकोच्या मंगळसूत्राकडं बघतो. मग सावकाराकडं. मग फ्लेक्सवाल्या भाऊंकडं. कायद्याकडं तो बघतच नाही, कारण कायदा त्याला कुणी दाखवलेलाच नाही.

तर कायदा असा आहे. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, कलम ४१ कक. त्याखालची योजना मुंबई हायकोर्टाच्या आदेशानं २००६ साली लागू झाली. ट्रस्टच्या दवाखान्यांनी शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांना फुकट द्यायच्या, आणखी दहा दुर्बल घटकांना सवलतीत. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न १,८०,००० रुपयांच्या आत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० च्या आत. निर्धनाकडं डिपॉझिट मागायचं नाही. जीव धोक्यात असेल तर आधी दाखल करायचं, कागद नंतर. इतर रुग्णांच्या एकूण बिलाचे दोन टक्के गरिबांच्या फंडात टाकायचे.

आता डोकं लावा. या ट्रस्टांना टॅक्समध्ये सूट. कित्येकांना सरकारी जमीन कवडीमोलानं. हा सोडलेला पैसा कुणाचा? काडेपेटी घेतानाही टॅक्स भरणाऱ्या माझ्या आईचा. त्या दहा खाटा म्हणजे तिच्या पैशाची परतफेड. मग दाता कोण आणि याचक कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशीच्या डोक्यात गाठ निघाली. एका ट्रस्टच्या दवाखान्यानं पन्नास हजार डिपॉझिट मागितलं. पिवळं रेशनकार्ड घेऊन आम्ही काउंटरला उभे. आतून निरोप आला, गरिबांचा फंड संपला. म्हटलं, ठीक, तसं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, धर्मादाय आयुक्तांकडं नेतो. लिहून कुणी देईना. दोन तासांनी खाट निघाली. संध्याकाळी भाऊ आले, फोटो निघाला, आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुक म्हणून नावं कुणाची? आपल्याच पोरांची!

पोरं म्हणतात, काम झालं ना, मग फोटोनं काय बिघडलं? बिघडलं हे की पुढच्या मावशीचा पोरगा कलम शोधणार नाही, भाऊंचा बंगला शोधेल. त्या रात्री भाऊ गावाला गेलेले असले तर? मरणाऱ्याला तत्त्व शिकवू नये, हे मलाही कळतं. ऐनवेळी कुणीही पैसा देवो, घ्या. पण त्याबदल्यात मान झुकवू नका, आणि वस्तीचं मत तर मुळीच गहाण टाकू नका.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईनं मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर टाकून यशवंतच्या दवाखान्यात आणलं. त्याच साथीत ती स्वतः गेली. त्याला म्हणतात मदत. आज जोतीरावांच्या नावानं सरकारची जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. फुल्यांच्या नावाची योजना, आणि ती मिळवायला भाऊंची चिठ्ठी? लाज वाटली पाहिजे. त्यांनाही, आपल्यालाही.

म्हणून प्रत्येक वस्तीत दोन पोरं, दोन पोरी ठरवा. कुणाकडं पिवळं कार्ड, कुणाकडं केशरी, कुणाचा तहसीलदाराचा दाखला संपलाय, याची वही करा. आजार यायच्या आधी कागद तयार ठेवा. कलम ४१ ककची झेरॉक्स खिशात ठेवा. आणि काउंटरवर 'नाही' म्हणाले की तीनच शब्द बोला : तसं लिहून द्या.

जय भीम.