कणसाला दोष देण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, रस्त्यावरचे भाजलेले कणीस खाल्ले तर चालेल का?" विचारणाऱ्यांत मधुमेही असतात, रक्तदाबवाले असतात आणि लहान मुलांच्या आया तर असतातच. माझे उत्तर ठरलेले आहे. कणीस खुशाल खा. मात्र ते कशावर भाजले, किती भाजले आणि भाजल्यावर त्याला काय चोळले, एवढे बघून खा. आपल्याकडे नेमके उलटे चालते. पोट बिघडले की मक्याला नावे ठेवायची आणि भाजण्याकडे मात्र कोणी बघायचे नाही.

कामानिमित्त मुंबईला येणाऱ्या वाचकांनी उपनगरातले हे दृश्य पाहिलेले असेलच. अंधेरी स्टेशनच्या बाहेर, बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी, पवई तलावाच्या काठी, घाटकोपरहून मुलुंडकडे येणाऱ्या शास्त्री मार्गावर छत्रीखाली शेगडी, शेजारी हिरव्या कणसांचा ढीग आणि हातात पुठ्ठ्याचा पंखा. भर पावसात तो वास आला की पथ्य विसरायला होते, हे मी डॉक्टर असूनही मान्य करतो!

आता मक्याविषयी थोडे. मध्यम आकाराच्या एका कोवळ्या कणसात साधारण शंभर कॅलरी असतात, शिवाय चोथा बऱ्यापैकी असतो. पिवळ्या दाण्यांत डोळ्यांना उपयोगी असे रंगद्रव्यही असते. वडा किंवा भजी यांच्या तुलनेत तेल शून्य. मधुमेही माणसाने एक कणीस खावे, पण त्या वेळच्या जेवणातली एक पोळी कमी करावी, म्हणजे हिशेब जुळतो. गावरान जून कणीस असेल तर त्यात पिठूळपणा जास्त असतो, तेव्हा अर्ध्यावर थांबावे. दाण्याला नख लावल्यावर दूध येते तेच कणीस भाजायला घ्यावे, हे शेतकरी वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी शौचात दाण्यांची साले दिसली म्हणून काही जण घाबरून येतात. ते साल माणसाच्या पोटात पचतच नाही, त्यात आजार काही नाही. नीट चावून खावे, एवढाच उपाय. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मात्र अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. चेचून द्यावेत.

भाजण्याची खरी जागा निखारा आहे, ज्वाळ नव्हे. कोळसा पेटून लाल झाला, वर राखेचा पातळ थर आला, धूर थांबला, की कणीस ठेवावे आणि फिरवत राहावे. गिऱ्हाईक घाईत असले की जोरात पंखा मारून ज्वाळ काढली जाते. मग दाणे वरून काळे आणि आतून कच्चे राहतात. पिठूळ पदार्थ फार तापवला, करपवला की त्यात ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते अशा पदार्थांत दाखवून दिले, आणि माणसाला कर्करोगाचा संभव असणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते. म्हणून चार काळे ठिपके असलेले कणीस फेकून द्यावे असे मी म्हणणार नाही. पण कोळशासारखे झालेले दाणे चवीचे म्हणून आवडीने खाऊ नयेत. हल्ली लोणी-मसाला कणसाची टूम निघाली आहे. शेगडीवरच लोणी फासले की ते निखाऱ्यावर ठिबकते, धूर उठतो आणि तोच धूर पुन्हा कणसाला बसतो. लोणी हवेच असेल तर ताटात घेऊन लावावे.

पोट बिघडते ते मात्र यापैकी कशाने नाही. निखाऱ्यावरून नुकत्याच उतरलेल्या कणसाचा वरचा भाग रस्त्यावर मिळणाऱ्या पदार्थांत सर्वांत निर्धोक म्हणावा लागेल, कारण त्या आचेत जंतू टिकत नाहीत. घात होतो तो त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. लिंबाची एकच फोड, तीच मीठ-तिखटात बुडवायची, कणसावर घासायची, पुन्हा त्याच वाटीत ठेवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीच. पैसे घेणारा हातही तोच. लिंबाच्या आंबटपणाने जंतू मरतात, या समजुतीवर कोणी विसंबू नये. पावसाळ्यात टायफॉइड आणि कावीळ पसरते ती अशाच हातांतून आणि पाण्यातून. मी स्वतः कणीस कोरडे मागून घेतो आणि घरून आणलेले लिंबू लावतो. लोक हसतात, हसू देत. रक्तदाबवाल्यांनी तर मीठ लावूच नये. दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले लोणचे-पापड त्याआधीच पोटात गेलेले असतात.

"मका खाल्ल्यावर पाणी पिऊ नये" असे आपल्या आजीपासून सगळे सांगत आले आहेत. स्वच्छ पाण्याने काही होत नाही, फार तर पोट थोडे फुगते. पण गाडीजवळच्या पिंपातले पाणी न प्यालेलेच बरे, आणि आजीला बहुधा तेच म्हणायचे असावे.

या सगळ्यात एका माणसाची प्रकृती कोणी विचारत नाही. तो म्हणजे भाजणारा, किंवा बऱ्याच ठिकाणी भाजणारी. खाणारा दोन मिनिटे उभा राहतो, ती सहा-सात तास त्या धुरात बसते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हवेसाठी ते योग्यच झाले. बेकरीची भट्टी आणि कणसाची शेगडी यांना एकाच मापाने मोजावे असे मला वाटत नाही, कोणाची शेगडी उचलून नेण्याच्या तर मी पूर्ण विरुद्ध आहे. पण शेगडी पेटवताना प्लास्टिकची पिशवी किंवा रबराचा तुकडा घालतात, ते मी अनेकदा पाहिले आहे. तो धूर तिच्या फुप्फुसाला आणि आपल्या कणसाला, दोघांनाही विषारी. अशा वेळी दोन शब्द आपुलकीने सांगावेत. सुके खोबऱ्याचे करवंट आणि कागद यांनी शेगडी तितकीच चांगली पेटते.

रस्ता नको म्हणून घरी भाजणारेही पुष्कळ आहेत. तिथे धोका वेगळा आणि कितीतरी मोठा असतो. घाटकोपरच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. बाल्कनीला काचा लावून तिची खोली केलेली, बाहेर मुसळधार पाऊस, म्हणून खिडक्या बंद. शेगडी आत ठेवून आई आणि दोन मुलांनी कणसे भाजली. तासाभरात तिघांचे डोके दुखू लागले, मळमळ, उलट्या. "मका बाधला" म्हणून मला बोलावणे आले. वडील मात्र उशिरा आले होते, त्यांनी त्याच ढिगातली दोन गार कणसे खाल्ली होती आणि ते ठणठणीत! मका बाधला असता तर तो वडिलांनाही बाधला असता. बाधला होता तो कोळशाचा वायू. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. तिघांना तातडीने मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात प्राणवायू द्यायला पाठवले, बरे झाले. शेगडी रात्रभर धुमसत राहिली असती आणि ते तिथेच झोपले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नेऊ नये, कणसासाठी नाही आणि उबेसाठीही नाही.

घरात गॅस बरा. बर्नरवर जाळी ठेवावी, आच मध्यम, खिडकी उघडी. दाणे तडतडून उडतात, तेव्हा मुलांनी तोंड वाकवून बघू नये. कोळशाचा वास येत नाही ही तक्रार खरी आहे. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी मात्र आपली गावाकडची रीत सोडू नये. आतला एक-दोन थरांचा पाला तसाच ठेवून कणीस दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवावे, मग निखाऱ्यावर ठेवावे. पाला जळतो, दाणे आतल्या आत वाफेवर शिजतात. शेवटी पाला सोलून मिनिटभर उघड्या निखाऱ्यावर फिरवले की वासही येतो आणि करपतही नाही. सगळ्या प्रकारांत मला हाच पसंत आहे, उपनगरातल्या इमारतींत तो करता येत नाही हे आमचे दुर्दैव.

कवळी बसवलेल्या वडीलधाऱ्यांनी कणसाला दात लावण्याचा हट्ट धरू नये. कुकरला एक-दोन शिट्ट्या द्याव्यात, तव्यावर थोडे फिरवावे, सुरीने दाणे काढून वाटीत घ्यावेत आणि गरम असतानाच खावेत. गार झाला की गावरान मका चिवट होतो आणि मग कवळी सुटते.