जा, ढोरं चार!

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एक वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. "अभ्यास जमत नसेल तर गुरं राखायला जा!" आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात, गुरांना ढोरं म्हणतात, म्हणून आमचे मास्तर "जा, ढोरं चार" म्हणायचे. वर्गातली दोन-तीन पोरं शाळा सुटल्यावर खरंच ढोरं चारायला जायची. बाकीचे हसायचे आणि ती पोरं पाटीकडे बघत बसायची.

हाच धंदा अमेरिकेत केला की माणूस हिरो होतो. काउबॉय म्हणजे तरी काय, गुराखीच ना? पण त्याच्यावर शंभर वर्षं सिनेमे निघतात, त्याची टोपी आणि जीन्स जगभर खपते, आणि आमच्या ऑफिसातली मंडळी वीकेंडला रँचवरची सीरियल बघून सोमवारी कँटीनमध्ये उसासे टाकतात. "काय लाइफ आहे यार! मोकळी हवा, घोडे, पूर्ण फॅमिली एकत्र.." मी एकदा म्हटलं, आमच्या मोठ्या बाबांकडे बत्तीस ढोरं आहेत, मे महिन्यात चला. एकानेही तारीख विचारली नाही :-)

थट्टा सोडा, पण मे महिन्यात तिथे काय चालतं ते सांगतो. चंद्रपूरचा पारा ४६-४७ ला जातो हे तुम्ही पेपरात वाचलेलं असतं. त्या उन्हात ढोरं दिवसभर बाहेर ठेवता येत नाहीत. म्हणून पहाटे, अंधार असतानाच मोठी आई उठते. कोठ्यातलं शेण काढायचं, पाणी दाखवायचं, वासरं वेगळी बांधायची. उजाडता उजाडता ढोरं आखरावर, म्हणजे गावाबाहेर सगळ्या घरांची ढोरं जमतात त्या जागेवर. तिथून गायकी (गुराखी हो, गाणारा नव्हे) ती जंगलाकडे नेतो. दहापर्यंत चराई, मग नाल्यातल्या एखाद्या डोहाशेजारी सावलीत बसवायची, चारनंतर पुन्हा चराई, आणि दिवेलागणीच्या आत घरी. मधल्या वेळात घरातल्या लोकांना आराम असतो असं समजू नका. शेणखत बंड्यांमधून बांध्यांत नेऊन टाकायचं, पावसाआधी तणस झाकायची, आणि तेंदूचा सीझन असेल तर पहाटेच पानं तोडून आणून दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. मुलांना सुट्टी असते, म्हणजे काम करायला मोकळी असतात एवढाच त्याचा अर्थ. मी दरवर्षी जातो तेव्हा मोठे बाबा म्हणतात, "तुमच्या कंपनीत सुट्टी रायते गा. ढोराले कोण सुट्टी देते?"

कागदावर ही ढोरं मोठ्या बाबांची. निम्म्याहून जास्त काम मोठी आई आणि वहिनी करतात. पण विकायची की ठेवायची ही चर्चा ओसरीवर पुरुषच करतात, हेही सांगून ठेवतो.

आता गायकीबद्दल. मला सिस्टीम समजून घ्यायची सवय आहे, म्हणून मी त्याच्याबरोबर बऱ्याचदा गेलोय. शंभराच्या वर ढोरं. तो मोजत नाही. संध्याकाळी आखरावर उभा राहून नुसतं बघतो आणि म्हणतो, अमक्याची कबरी आली नाही. वानरांनी खेकसायला सुरुवात केली किंवा चितळ ओरडलं की तो थांबतो. चरणारी ढोरं एकदम डोकं वर करून एकाच दिशेला बघायला लागली, एकमेकांना चिकटून उभी राहिली, की तो काठी आपटत, ओरडत त्यांना मोकळ्यावर काढतो. उन्हाळ्यात पाणी थोड्याच जागी उरतं, आणि वाघालाही पाण्यात बसायला आवडतं. कुठल्या डोहावर आज जायचं नाही, हा निर्णय तो पहाटेच्या पावलांवरून घेतो. एवढं लक्ष ठेवणाऱ्या माणसाला आमच्या क्षेत्रात काय पगार मिळेल याचा विचार करा. त्याला वर्षाला दर ढोरामागे काही पायल्या धान आणि थोडे रोख मिळतात.

आणि धोका? चंद्रपुरातले वाघ वाढले याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, ताडोबाचे फोटो आपणच फॉरवर्ड करतो. कोठारी, धाबा या आमच्या बाजूच्या जंगलात कन्हारगाव अभयारण्य झालं. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गायकी तर बाराही महिने जंगलात असतो.

सरकार काहीच देत नाही असं नाही. माणूस गेला तर २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये आहेत. गाय, बैल, म्हैस मारली गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातलं जे कमी असेल ते. ४८ तासांत कळवायचं, पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही. पण बघा, हे पैसे ढोराच्या मालकाला मिळतात. वाघासमोर काठी घेऊन उभा राहिला तो गायकी. त्याने आरडाओरडा करून गाय वाचवली तर कुणालाच काही मिळत नाही, आणि गाय गेली तर वरून मालकाची बोलणी खायची. मला या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा बग हाच वाटतो.

शहाणे लोक सांगतात, जंगलात नेताच कशाला? कोठ्यात बांधून खायला घाला. यात तथ्य आहे. ढोरांमुळे जंगलातली नवी रोपं तुडवली जातात, रोग हरणा-गव्यांपर्यंत जातात, आणि ढोर जंगलात गेलं नाही तर वाघाशी गाठही पडत नाही. पण आमची गावठी गाय देते लिटर-दीड लिटर दूध. ती ठेवतात शेणासाठी आणि बैलांसाठी. तिला ढेप विकत घेऊन घातली तर तीन महिन्यांत घर बसेल. पूर्वी निदान तणस तरी भरपूर असायची. आता धान कापायला हार्वेस्टर येतो आणि तणस बांधीतच विखरून टाकतो. त्यात २०१५ च्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकायचीही सोय राहिली नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. राज्यातली गाय-बैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होती, २०१९ मध्ये ती १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली.

"जंगल सरकारचं आणि ढोरं तुमची, मग फुकट कशी चारता?" असंही विचारतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे कितीतरी रँचवालेसुद्धा सरकारी जमिनीवरच गुरं चारतात. २०२४ मध्ये त्याचा दर होता गाय-वासराच्या जोडीमागे महिन्याला १.३५ डॉलर! आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आमच्याच तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारएक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने बांबू स्वतः विकला, आणि तेंदूसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात म्हणून तेंदू तोडणं ग्रामसभेत ठरवून बंद केलं. लोकांच्या हातात जंगल दिलं की ते ओरबाडतात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पाचगावला जाऊन यावं. कुठे चारायचं, कुठे नाही, हेसुद्धा अशीच ग्रामसभा ठरवू शकते.

आमच्या घरातली गोष्ट यापेक्षा साधी आणि अवघड आहे. दादा चौतीस वर्षांचा आहे. मोठ्या बाबांच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे याचंच, लग्न जमत नाही. मुलीकडचे अंगणात येतात, कोठा बघतात, चहा पितात, आणि नंतर निरोप येतो की मुलगी नोकरीवाल्यालाच द्यायचीय. मी त्या मुलींना दोष देणार नाही. पहाटे चारला उठून शेण काढायला कोण तयार होईल? पण ढोरं विकली की दादाकडे उरतं काय, यावर ओसरीवरचे सल्लागार गप्प बसतात. शहरातले आम्ही भाऊ-बहिणी फोनवरून "विकून टाका" म्हणतो. धोका आपला नाही, कष्ट आपले नाहीत, आणि दिवाळीत खरवस मात्र आपल्याला हवा असतो.

मी एक हिशेब करून पाठवलाय. गावात सव्वाशे ढोरं धरा. एकटा नको, दोन गायकी ठेवायचे, प्रत्येकी महिना बारा हजार, शिवाय दोघांचा अपघात विमा. ढोरामागे महिन्याला दोनशे रुपयांच्या आत बसतं. ज्या घरांतली पोरं पुण्या-नागपुरात कमावतात त्यांनी आपल्या घरचे भरायचे. मोठ्या आईला पटलंय, आणि मोठे बाबा अजून काही बोलले नाहीत. दादा म्हणाला, "पैसे ठीक आहेत रे, माणूस कुठून आणतोस?" गेल्या वर्षीचा गायकी सध्या तेलंगणात मिरची तोडायला गेलाय. तो परत आला की दादा त्याला विचारणार आहे.