संगणकाच्या पडद्याची साधी बैठक

संगणक घेतांना त्याचा वेग किती, स्मृति किती, किंमत किती, याची आपण कसोशीनें चौकशी करितों. परंतु ज्या बैठकीवर त्याचा पडदा, म्हणजे मॉनिटर, उभा राहतो तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. आमच्या मतें ही उपेक्षा मुलांच्या मानेस व पालकांच्या पैशास सारखीच महाग पडते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळींत किंवा किंचित् खालीं असावी, आणि पडदा सुमारें हातभर दूर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. आतां शाळेंत एकाच संगणकावर एका तासास पांचवीचा विद्यार्थी बसतो व दुसऱ्या तासास दहावीचा. दोघांच्या डोळ्यांची उंची सारखी कशी असेल? पडदा न हलणारा असला म्हणजे एकानें मान ताणावी किंवा दुसऱ्यानें पाठ वांकवावी, हें ठरलेलेंच. जुनीं पुस्तकें व हजेरीपट पडद्याखालीं रचून ठेवण्याची रीति पुष्कळ ठिकाणीं आहे. पण तासातासास तो ढीग उपसावयाचा कोणी?

वरखालीं होणाऱ्या तयार बैठकी बाजारांत मिळतात. त्यांपैकीं कित्येकींच्या पोटांत ताणलेली स्प्रिंग किंवा दाबानें वायु भरलेली नळी असते. पडदा बोटानें हलतो, हें खरें. परंतु ती नळी निकामी झाली कीं गांवच्या कारागिराचा उपाय खुंटतो, आणि भंगारांत ती कापणें धोक्याचें असतें. त्यांतच पोलाद, निरनिराळ्या जातींचें प्लास्टिक व रबर हीं एकमेकांस चिकटविलेलीं असलीं, तर तीं वेगळीं करण्याचे श्रम कोण घेणार?

आम्ही सुचवितों ती बैठक याहून फार साधी आहे. खालीं रुंद लोखंडी पाट; त्यावर चौकोनी नळीचा खांब; खांबास अंगठ्याएवढ्या अंतरानें भोकें; खांबावरून सरकणारी दुसरी, किंचित् मोठी नळी; आणि हव्या त्या भोकांत घालावयाची एक खीळ. सरकत्या नळीस पुढें एक पोलादी पट्टी असावी. पुष्कळ मॉनिटरांच्या पाठीस स्क्रूचीं चार भोकें असतात, व व्हेसा या संस्थेच्या प्रचलित मापाप्रमाणें तीं बहुधा १०० मिलिमीटरांच्या चौरसांत येतात. पट्टी त्या मापाची केली म्हणजे मॉनिटर बदलला तरी बैठक तीच राहते. कांहींही चिकटवूं नये. सर्व भाग एका स्क्रूड्रायव्हरनें सुटावे. खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर हें काम सहज करील. पाट मात्र पडदा कलंडणार नाहीं इतका जड असावा, आणि खीळ काढतांना दुसऱ्यानें पडदा दोन्ही हातांनीं धरावा.

ही युक्ति आपणांस परकी नाहीं. नांगर किती खोल जावा हें शेतकरी जूं हळसावर पुढेंमागें बांधून ठरवितो. पोथी किंवा कुराण ठेवावयाची घडीची बैठक एकाच फळींतून कोरून काढितात. तींत खिळाही नसतो.

साधेपणा म्हणजे विज्ञानाचा द्वेष नव्हे. आपल्याच जिल्ह्यांत, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांत प्रोटॉनाहूनही सूक्ष्म फरक टिपावयाचा आहे. तेथें गुंतागुंत अपरिहार्य आहे. पडदा चार बोटें वर करावयास ती कशाला?

निकामी उपकरणांच्या पुनरुपयोगाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले, हें योग्यच झालें. परंतु जी वस्तु सुटतच नाहीं अशी घडविली, ती गोळा करून किती साधणार? १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम वर्ध्याच्या मगनवाडींतून चालविणारे ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ डॉ. जे. सी. कुमारप्पा यांची शिकवण हीच होती, कीं निसर्गाच्या चक्रांत कांहीं वायां जात नाहीं, व माणसाचा व्यवहारही तसाच टिकाऊ असावा.

कोणी म्हणेल, अशी बैठक ओबडधोबड दिसेल. दिसूं द्या. पांच हजारांस तृप्त केल्यावरही प्रभूनें उरलेले तुकडे शिष्यांकडून गोळा करविले. ज्याच्या हातीं एवढी विपुलता, त्यानें तुकडाही टाकूं दिला नाहीं. मग मोजक्या पैशांत चालणाऱ्या घरांनीं व शाळांनीं अख्खी बैठक उकिरड्यावर टाकणें कसें शोभेल?

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, खरेदीच्या वेळीं दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारावे: हिची उंची बदलते काय? ही साध्या हत्यारानें सुटते काय? दुसऱ्या मॉनिटरास ही बसते काय? आणि विद्यार्थ्यांनीं खुर्चीवर ताठ बसून टेबलापासून आपल्या डोळ्यांची उंची मोजावी, पुठ्ठ्याचा नमुना करावा व तो घेऊन वेल्डरकडे जावें. स्वतःच्या हातानें आखलेली वस्तु सहसा कोणी फेकून देत नाहीं.