कोच बदला, कोच बदला… आणि नेहरूनगरच्या पोरांचं काय?

भारताचा हॉकी संघ दोन सामने हरला की चाकणच्या कॅन्टीनमध्ये, नाशिक फाट्यावरच्या टपरीवर आणि आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. कोच जाणार! मग परदेशी येणार की देशी, कुणाचं नाव पुढे आहे. "आतली बातमी आहे" म्हणणारा एकतरी असतोच. एरवी वर्षभर हॉकीचा एक सामना न बघणारेही यात हिरिरीने असतात, हे वेगळं.

स्पष्टच बोलतो, हा खेळ आता बंद करा राव.

जरा हिशोब मांडू. ऑक्टोबर 2013 मध्ये टेरी वॉल्श आले. 2014 ला इंचिऑनमध्ये एशियाडचं सुवर्ण जिंकून दिलं आणि काही आठवड्यांत बाहेर. 2015 च्या जानेवारीत पॉल व्हॅन अ‍ॅस, जुलैत हकालपट्टी. मग रोलंट ओल्टमन्स, 2017 च्या सप्टेंबरात त्यांना काढलं. मग श्योर्ड मरिन, आठ महिने. मग हरेंद्र सिंग, तेही आठ महिने. एप्रिल 2019 मध्ये ग्रॅहम रीड. साडेपाच वर्षांत सहावा माणूस!

रीड टिकले, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियोत जर्मनीला 5-4 हरवून 41 वर्षांनी ऑलिम्पिक पदक आलं. आणि पुरुष संघाला नालायक ठरवून परत महिला संघाकडे पाठवलेले मरिन? त्याच टोकियोत त्यांच्या मुली ऑस्ट्रेलियाला हरवून चौथ्या आल्या.

आता कुणी म्हणेल, 2023 च्या वर्ल्डकपनंतर रीड गेले, क्रेग फुल्टन आले आणि पॅरिसला पुन्हा ब्राँझ मिळालंच की. मान्य. बदल करूच नका असं मी म्हणतच नाही. रीडना जवळजवळ चार वर्षं मिळाली होती, आणि फुल्टनच्या हाती घडवलेला संघ आला. आठ महिन्यांत माणूस बदलणं ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्या पट्ट्यातल्या लोकांना तरी हे समजायला हवं. मी क्वालिटीत काम करतो. लाईनवरचा एक ऑपरेटर बदलला तरी आपण फोर-एम चेंजची नोंद करतो, ग्राहकाला कळवतो, पहिले पीस वेगळे काढून तपासतो. ब्रॅकेट वेल्डिंगला एवढी काळजी. आणि देशाच्या संघाचा कोच? पराभवाच्या दुसऱ्या दिवशी गेटपास जमा कर म्हणायचं! कंत्राटी कामगाराला सात महिन्यांनी ब्रेक देणारी जी वृत्ती आहे ना, तीच ही. फक्त पगार डॉलरमध्ये.

आणि हे आजचं नाही. आपल्या शेजारच्या खडकीचा धनराज पिल्ले कर्णधार होता, 1998 ला बँकॉकमध्ये 32 वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आलं. बक्षीस काय? धनराजसह अनेक सीनियर वगळले, कोच एम. के. कौशिकही गेले. 2004 ला अथेन्सच्या ऐन तोंडावर राजिंदर सिंग यांना हटवून गेऱ्हार्ड राख आणले. सातवे आलो.

पण माझा खरा राग दिल्लीवर नाही, आपल्यावर आहे. नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम आपल्या कराच्या पैशांवर उभं आहे. 2021 च्या डिसेंबरात तिथे सीनियर राष्ट्रीय स्पर्धा झाली. टर्फ आहे, फ्लडलाईट आहेत. पण शहरात सकाळी सहाला पोरांना स्टिक धरायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? माझी भाची ज्या ग्रुपमध्ये खेळते (मैदानाचं नाव घेत नाही) तिथे दोन वर्षांत तीन कोच झाले. पहिला म्हणाला ग्रिप अशी, दुसरा म्हणाला सगळं विसर, तिसरा मानधन थकलं म्हणून गेला. पोरगी आता बॅडमिंटनला जाते. त्या तिघांबद्दल एकाही ग्रुपवर एक ओळ आली नाही.

तेव्हा आतली बातमी असलेल्यांनी ती जरा इकडची काढावी. शहरातल्या मैदानांवर हॉकीचे कोच किती, त्यांचे करार किती महिन्यांचे, मानधन कितीव्या तारखेला होतं. मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. नेहरूनगर, खराळवाडी, अजमेरा भागातल्या पालकांनी सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये फक्त नाव टाका. फुल्टनचं काय होणार, ते तिथे लिहू नका.