१.१० मोठं की १.९?

प्रश्न अगदी सोपा वाटतो ना? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मॅथ्सच्या टीचरनी शिकवलं होतं, पॉइंटनंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नाही. म्हणजे १.१० हेच १.१, आणि ते १.९ पेक्षा लहान. गणितात ते शंभर टक्के खरं. पण सॉफ्टवेअरमध्ये १.९ नंतर १.१० येतं, जसं पुस्तकात नवव्या उदाहरणानंतर दहावं येतं. व्हर्जन नंबर हा नंबर नाहीच, असं माझं ठाम मत आहे. ते महागात पडून झालं... मला नाही, लॅबमधल्या काकांना!

झालं असं की लॅबच्या मशीन्सची यादी एक्सएमएलमध्ये होती. मी उत्साहाने एक्सएसएलटीची स्टाइलशीट लिहिली. व्हर्जन १.९ पेक्षा कमी असेल तर ओळ लाल. तक्ता मस्त दिसत होता. काकांनी त्यावर विश्वास ठेवून शनिवारी संध्याकाळपर्यंत बसून अकरा मशीन्सवर १.९ टाकलं. त्या अकराही मशीन्सवर आधी १.१० होतं! आणि ज्यांच्यावर खरोखर जुनं १.२.३ होतं, त्या लाल झाल्याच नाहीत.

कारण एक्सपाथ १.० मध्ये 'पेक्षा लहान'चं चिन्ह आलं की दोन्ही बाजूंचे आधी नंबर केले जातात. १.१० चा होतो १.१. १.२.३ मध्ये दोन टिंबं, त्यामुळे त्याचा होतो नॅन, म्हणजे 'नॉट अ नंबर'. नॅन कशाहीपेक्षा लहान आहे का विचारा, उत्तर 'फॉल्स'. एरर नाही, वॉर्निंग नाही. माझा खरा राग ह्या गप्प बसण्यावर आहे. प्रोग्राम बंद पडला असता तर काकांचा शनिवार वाचला असता.

आणि मी एकटीच वेंधळी नाही बरं का. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं, तेव्हा वायएएमएल फाइलमध्ये कोट्सशिवाय ३.१० लिहिलं की त्याचंही ३.१ व्हायचं.

"मग गुणाकार कर ना," इति रूममेट. पहिला भाग गुणिले दहा हजार, दुसरा गुणिले शंभर, तिसरा तसाच, आणि बेरीज. मला हा जुगाड पटत नाही. एखादा भाग शंभरावर गेला की शेजारच्याच्या घरात घुसतो. २०२२ मधलं क्रोमचं व्हर्जन बघा: १००.०.४८९६. झाली ना पंचाईत?

सरळ मार्ग म्हणजे टिंबापाशी तोडायचं. दोघांचे पहिले तुकडे बघायचे, सारखे निघाले तर पुढचे, आणि एखाद्याचे तुकडे संपले तर शून्य धरायचं. २००७ च्या एक्सएसएलटी २.० मध्ये त्यासाठी टोकनाइझ आहे. पण आमच्या लॅबमधल्या एक्सएसएलटीप्रोकला १९९९ चं १.० च कळतं. तिथे व्हेरिएबल एकदा ठरलं की बदलत नाही, म्हणून टेम्प्लेटने स्वतःलाच परत बोलवायचं. आणि हो, व्हर्जनच्या शेवटी एक जादा टिंब चिकटवा, नाहीतर शेवटच्या तुकड्याला सबस्ट्रिंग-बिफोर रिकाम्या हाताने परत येतं. माझा अख्खा एक तास ह्यात गेला.

पुढच्या शनिवारी काकांबरोबर बसून मी अकराही मशीन्सवर १.१० परत टाकलं. नवीन तक्त्यात आता पिवळाही रंग आहे: 'व्हर्जन वाचता आलं नाही, जाऊन बघा'. काकांना लालपेक्षा तोच जास्त आवडला.