फॉर्मवर खरे लिहावे का?

चिपळूणहून एका भगिनीने लिहिले आहे. त्यांच्या बहिणीचा मुलगा अमेरिकेचा नागरिक, राहतो कोलोरॅडोत. उपग्रहाचे काम करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळते आहे, पण त्याआधी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामासाठी सरकारची मंजुरी हवी. कॉलेजात असताना त्याने तीन-चार वेळा गांजा ओढला होता. दोस्त म्हणतात, लिहू नकोस. "खाला, अम्मीला सांगू नकोस, पण मी काय करू?" असा त्याचा फोन आला.

आपा, कोलोरॅडोत २०१४पासून गांजा दुकानात उघड मिळतो. त्यामुळे त्यात काही गैर नाही असे तिथल्या पोरांना वाटते. पण मंजुरी देते केंद्र सरकार, आणि तिथे राज्याची परवानगी कामाला येत नाही. एसएफ-८६ या फॉर्मच्या २३व्या विभागात हे स्पष्ट छापलेले आहे. मागच्या ७ वर्षांत अमली पदार्थ घेतला का, असा तिथला प्रश्न.

"हो" लिहिले म्हणून दार बंद होत नाही. डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी सर्व खात्यांना कळवले, की पूर्वीचे सेवन विचारात घ्या, पण तेवढ्यावरच निकाल देऊ नका. किती वेळा, किती पूर्वी, पुन्हा घेण्याची शक्यता किती, हे पाहतात. यापुढे हात लावणार नाही असे सही करून दिले, तर तेही जमेस धरतात. आज घेत असलेल्याला मात्र कायद्यानेच मंजुरी नाही.

लपवण्याचे काय? तपासनीस शेजाऱ्यांना, जुन्या रूममेटना गाठून विचारतात. "लिहू नकोस" म्हणणाऱ्या दोस्तांपैकीच एखादा उद्या खरे सांगून मोकळा होईल! मग गांजा राहतो बाजूला आणि खोटेपणाच पुढे येतो. सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा भाच्याला सांगा, महिना-वर्ष आठवून सगळे खरे लिही, आणि आता पुन्हा नको. मंजुरी मिळाल्यावर घेतला तर प्रकरण फार जड जाते.

ज्यांची मुले तिकडे ग्रीन कार्डवर आहेत, त्यांचा मामला वेगळा. गांजाची नुसती कबुलीही नागरिकत्वाच्या आड येऊ शकते. त्यांनी आधी वकिलाला विचारावे.

राहिली अम्मी. तपासनिसांची चौकशी सुरू झाली की बोलणे घरापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. त्याआधी त्यानेच फोन करावा. हवे तर त्या वेळी तुम्ही बहिणीजवळ बसा.