पिशव्या कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, “तुम्ही या जाऊन, मी खाली पिशव्या सांभाळते,” हे वाक्य प्रवासात आपण किती सहज बोलतो, नाही? इटलीत फ्लॉरेन्सला मीही तेच बोलले. आमचे हे घंटाघर चढून आले आणि रात्री जेवताना वरची मजा सांगू लागले. मला मेलं घास गोड लागेना! दुसऱ्या दिवशी पदर खोचून निघालेच.

हे जिओत्तोचं घंटाघर. १३३४ साली काम सुरू झालं, १३५९ मध्ये पुरं झालं. उंची सुमारे ८५ मीटर, पायऱ्या ४१४, लिफ्ट नाही. जिना अरुंद; चढणारे-उतरणारे एकाच वाटेने. पण मध्ये मध्ये मजले आहेत, तिथे खुशाल दम खावा. वर पोचलं की कॅथीड्रलचा लाल घुमट अगदी समोर!

काही सूचना: शहर पायीच पाहावं. स्टेशनापासून कॅथीड्रल दहा-पंधरा मिनिटांवर. रस्ते दगडी, म्हणून सपाट, पायात घट्ट बसणारे बूट हवेत. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. सकाळीच चढावं.

गुडघे कुरकुरतात? मग व्हेनिसला सेंट मार्कच्या घंटाघरात लिफ्ट आहे. जुनं १९०२ साली कोसळलं, १९१२ मध्ये तसंच पुन्हा उभारलं. हृदयविकार किंवा चक्कर येणाऱ्यांनी मात्र ४१४ पायऱ्यांचा हट्ट धरू नये.

आणि पिशव्या? त्या हॉटेलातच ठेवा. म्हणजे खाली कुणालाच थांबायला नको!